मोटारसायकलची चिकित्सक आवृत्ती

"मोटारसायकल म्हणजे शेवटी काय? एक ग्रंथ! पानं सुटलीत, शाई उडालीय, मजकुरावर धूळ बसलीय. धूळ झटकायची, पानं लावायची, झालं! तीन आठवडे पुष्कळ होतात!"

हे उद्गार प्राध्यापकांनी हातातला घास हवेत थांबवून काढले. शाळेत गणित शिकवणाऱ्या, आणि त्यामुळे कोणत्याही विधानाची सिद्धता मागण्याची खोड जडलेल्या त्यांच्या पत्नीने एवढेच विचारले, "अहो, स्क्रू कुठल्या बाजूला फिरवला की सुटतो, ते माहितीये का तुम्हाला?"

"तो तपशील झाला. मी पद्धतीबद्दल बोलतोय."

पद्धत ठाऊक असलेल्या माणसाला तपशिलाची लाज वाटत नाही, आणि विद्वत्तेच्या इतिहासातील निम्मे अनर्थ याच निर्लज्जपणातून जन्माला आले आहेत. प्राध्यापकांची पद्धत तर नामांकित होती. जुन्या पोथ्यांच्या चार-पाच हस्तलिखित प्रती शेजारी शेजारी मांडायच्या, आणि कोणता शब्द मूळ लेखकाचा व कोणता नंतरच्या नकलाकाराने घुसडलेला, हे ठरवायचे. तीस वर्षे त्यांनी दुसरे काही केले नव्हते. नंतर घुसडलेल्या मजकुराला ते 'प्रक्षेप' म्हणत, आणि तो शब्द उच्चारताना त्यांच्या नाकपुड्या अशा फुलत, जणू दुधात पाल पडली आहे.

गाडी त्यांच्या वडिलांची होती. आप्पा चाळीस वर्षे कारखान्यात फिटर होते. कान टेकवून यंत्राचा आजार सांगणारा हा माणूस मुलाच्या विद्वत्तेकडे मात्र, लोक दुसऱ्याच्या संधिवाताकडे पाहतात तसा, सहानुभूतीने पण लांबून पाहत असे. प्राध्यापकांनी आपला पहिला ग्रंथ आप्पांच्या हाती दिला, तेव्हा आप्पांनी तो उलटा केला, कणा वाकवून पाहिला, शिवणीवरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, "बांधणी झकास आहे." म्हणजे घरात आलेले एकमेव कौतुक बाइंडरने पळवले होते!

आता ब्याऐंशी वर्षांचे आप्पा मुलीकडे राहत होते. तिसऱ्या रविवारी ते दोन दिवसांसाठी इकडे येणार होते. आठ वर्षे बाजूच्या पत्र्याच्या खोलीत पडून असलेली त्यांची गाडी त्यांच्यासमोर सुरू करायची, आणि सत्तावन्न वर्षांत एकदा तरी त्यांच्या तोंडून ऐकायचे की हे तू चांगले केलेस. यापलीकडे प्राध्यापकांना काहीही नको होते. ही इच्छा त्यांनी अर्थातच कोणापाशी बोलून दाखवली नाही. पत्नीला ती पहिल्या दिवसापासून ठाऊक होती, हा भाग वेगळा.

कामाची सुरुवात दुसरी गाडी आणून झाली.

"अहो, एक दुरुस्त करायची म्हणालात ना? मग ही दुसरी कशाला?" पत्नीने दारात उभे राहून विचारले. भंगारवाल्याच्या टेम्पोतून त्याच बनावटीचे, त्याच वर्षीचे एक मढे उतरत होते.

"अगं, एका प्रतीवरून आवृत्ती सिद्ध होत नाही! पडताळणीला दुसरी प्रत लागते. आप्पांची ती 'अ' प्रत. ही 'ब' प्रत."

"आणि 'क' प्रत उद्या येणार का? म्हणजे मी माहेरी जायला मोकळी."

दोन्ही प्रती खोलण्यात नऊ दिवस गेले. स्क्रू कोणत्या बाजूला सुटतो, हा तपशील पहिल्याच दिवशी चौदा स्क्रूंची डोकी गुळगुळीत करून शिकून झाला. सांगाडे आणि टाक्या ओळखीच्या होत्या, त्या भिंतीला टेकवून ठेवल्या. पण इंजिनाच्या पोटातले, गियरच्या डब्यातले, चाकांच्या मधले सगळे सुटे भाग, एकूण चारशे बारा, प्राध्यापकांनी एकेक करून चटईवर मांडले आणि प्रत्येकाला दोऱ्याने चिठ्ठी बांधली. अ-१, अ-२, ब-१, ब-२. अक्षर मोत्यासारखे. फाउंटन पेनची शाई.

"नेलपॉलिशचा ठिपका द्या त्यापेक्षा," पत्नी म्हणाली. "अ ला लाल, ब ला गुलाबी. मरेपर्यंत जाणार नाही."

"मूळ प्रतीवर रंग लावायचा?" प्राध्यापकांचा आवाज कापला. "मूळ प्रतीला?"

पत्नीने हात जोडले आणि ती वह्या तपासायला निघून गेली.

दहाव्या दिवशी प्राध्यापकांना एका व्याख्यानासाठी जावे लागले, आणि नेमके त्याच दुपारी शेजारचे दातांचे डॉक्टर मदतीला आले. डॉक्टर अत्यंत सज्जन होते. जगात जेवढी हानी दुर्जनांनी केली, तिच्या दुप्पट दुपारी मोकळ्या असलेल्या सज्जनांनी केली आहे. चटईवर पसरलेले काजळीचे आणि काळ्या चिकटाचे ते साम्राज्य पाहून त्यांच्यातला दंतवैद्य कळवळला. त्यांनी मोठा टब मागवला, त्यात रॉकेल ओतले, बाह्या सरसावल्या, आणि संध्याकाळी प्राध्यापक परतले तेव्हा चारशे बारा भाग पांढऱ्याशुभ्र चादरीवर, मोठ्यापासून लहानापर्यंत, हसऱ्या बत्तिशीसारखे लखलखत होते!

"सर, काय कीड होती हो! एकेकाला ब्रश मारलाय."

"चिठ्ठ्या..." प्राध्यापक म्हणाले.

"काळजीच करू नका! मी काय वेंधळा आहे का?" डॉक्टरांनी अभिमानाने टेबलाकडे बोट दाखवले. तिथे चारशे बारा चिठ्ठ्या, अ वेगळ्या, ब वेगळ्या, क्रमाने लावून, वर वजन ठेवून रचलेल्या होत्या. "एकही हरवली नाही! मोजून घ्या!"

प्राध्यापकांनी खरोखरच मोजून घेतल्या. दुसरे काय करावे, ते त्यांना सुचेना.

दोन दिवस ते चादरीभोवती नुसते फिरत होते. दोन पिस्टन. दोन कार्बोरेटर. गियरची चाके जोडीजोडीने. यातला आप्पांचा कोणता, भंगारातला कोणता? जुळी मुले अदलाबदल झालेल्या बापाला निदान रडण्याचा आवाज तरी ऐकू येतो. इथे सगळीच मुकी!

"नाणं उडवा," पत्नीने दारातून सुचवले. "निम्मे तरी बरोबर येतील."

"हा जुगाराचा अड्डा नाही!"

मग त्यांनी भिंग आणले. आणि काय आश्चर्य! प्रत्येक जोडीतल्या एका भागावर, कडेला, मोहरीएवढा एक ठिपका कोरलेला होता. पिस्टनवर ठिपका. गियरवर ठिपका. नटावरसुद्धा ठिपका! जोडीतला दुसरा कोरा.

"सापडलं!" प्राध्यापक इतक्या मोठ्याने ओरडले की डॉक्टर पेशंटच्या तोंडात कापूस तसाच ठेवून धावत आले.

"म्हणजे ठिपकेवाले आप्पांचे ना सर?"

"छे! उलट! डॉक्टर, मूळ लेखक स्वतःच्या लेखनावर कधीच खुणा करत नाही. त्याला गरजच काय? आपलं काय आहे ते त्याला माहीतच असतं. खुणा करतो तो नंतरचा, परका, अर्धवट माणूस. कुणीतरी भंगार बाजारातला कारागीर. हा शुद्ध प्रक्षेप आहे!" नाकपुड्या फुलल्या.

डॉक्टरांनी डोके खाजवले. "पण सर, मी आत्ता दोन-चार लावून बघितले. हे ठिपकेवाले एकमेकांत कसे लोण्यासारखे बसतायत. आणि हे बिनठिपक्याचे खडखडतात."

"अगदी हेच!" प्राध्यापकांचे डोळे चमकले. "नकलाकार नेहमी अवघड शब्द काढून सोपा घालतो. म्हणून दोन पाठांत जो अवघड, खटकणारा, न बसणारा, तोच मूळ समजायचा. हा आमच्या शास्त्राचा पहिला नियम आहे. जे लोण्यासारखं बसतं, ते संशयास्पद!"

"आमच्यात कवळी बसत नसेल तर पेशंट परत आणून देतो," डॉक्टर पुटपुटले. पण समोर तीस वर्षांचा व्यासंग उभा होता.

अशा रीतीने आप्पांच्या सांगाड्यात, आप्पांच्या टाकीखाली, प्रत्येक जोडीतला कोरा, झिजलेला, खडखडणारा भाग मोठ्या निष्ठेने बसवला गेला. जो बसत नव्हता त्याला हातोडीने बसवला, आणि तो जितका विरोध करी, तितका प्राध्यापकांचा त्याच्या अस्सलपणावरचा विश्वास वाढे. उरलेले ठिपकेवाले 'प्रक्षिप्त' भाग, "फेकून कशाला द्यायचे, मी खेळतो थोडा," असे म्हणत डॉक्टरांनी भंगारातल्या गंजक्या सांगाड्यात भरून टाकले. त्यांना त्यासाठी दोन संध्याकाळी लागल्या. प्राध्यापकांना सात दिवस लागले.

रविवारी सकाळी आप्पा रिक्षातून उतरले. हातात काठी, खांद्याला पिशवी. चहाही न घेता थेट पत्र्याच्या खोलीत आले. समोर त्यांची गाडी उभी होती. टाकी आरशासारखी. प्राध्यापकांनी नवा शर्ट घातला होता.

"आप्पा, मी स्वतः केलीय. सगळी. तुमचा एकेक मूळ भाग शोधून."

आप्पांनी नुसती मान हलवली. सुरू कर, असा त्याचा अर्थ.

प्राध्यापकांनी किक मारली. गाडी खोकली. दुसरी मारली. गाडीने आतून असा एक उसासा टाकला की सगळ्यांना ओशाळल्यासारखे झाले. सातव्या किकला काहीतरी सुटून पत्र्यावर आपटले. बाराव्या किकला प्राध्यापकांचा श्वास आणि शर्टाचे एक बटण एकाच वेळी गेले.

"सर, थोडं थांबा, दम घ्या," डॉक्टर म्हणाले, आणि केवळ त्या भयाण शांततेला काहीतरी तोंडी लावावे म्हणून त्यांनी कोपऱ्यातल्या आपल्या गंजक्या खेळण्याला सहज एक लाथ मारली.

डुग्-डुग्-डुग्-डुग्!

आप्पांची मान वळली. काठी टेकत ते कोपऱ्याकडे गेले, वाकले, कान जवळ नेला.

"ही माझी," ते म्हणाले.

"नाही आप्पा! ती भंगारातली! हा बघा तुमचा सांगाडा, ही तुमची टाकी!"

"कातडं तिकडं असेल. पोट इकडं आहे." आप्पांनी बोटाने इंजिनाच्या कडेला चाचपले. "हा माझा ठिपका. घरी उघडली की प्रत्येक भागाला पंच मारायचो. कारखान्यात सगळ्यांच्या गाड्या एकत्र खोलायचो आम्ही, आणि लोक चांगले भाग उचलून न्यायचे."

खोलीत फक्त डुग्-डुग् ऐकू येत होते. डॉक्टरांनी घाईघाईने ते बंद केले.

"मग तुमची नक्की कोणती समजायची?" प्राध्यापकांनी विचारले. हा प्रश्न त्यांनी गाडीबद्दल विचारला होता, की आणखी कशाबद्दल, हे त्यांनाही सांगता आले नसते.

आप्पा आता चकचकीत गाडीपाशी आले. बसले. झाकण उघडून आत पाहिले. बोट फिरवले. दुसरे झाकण उघडले. पाहता पाहता त्यांच्या चेहऱ्यावर, मोठ्या अपघाताच्या जागी गर्दी जमते तसे, भाव गोळा होऊ लागले.

"हे सगळं तूच निवडलंस?"

"हो," प्राध्यापक जमिनीकडे पाहत म्हणाले.

"दोनातला एक, दोनातला एक, असं करत?"

"हो."

"आणि एकदासुद्धा चुकून बरोबर आलं नाही?"

"मी नाणं उडवा म्हणत होते," पत्नी म्हणाली. पण हळू, कारण नवऱ्याचा चेहरा तिला पाहवत नव्हता. "आप्पा, जाऊ द्या. पोट तिकडचं इकडं घालून देतील डॉक्टर. दोन संध्याकाळचं काम. जाताना एक चक्कर मारून जा."

"कशाला?" आप्पा म्हणाले. "ती चालतेय ना? चालू दे. डॉक्टर, तुम्हाला हवी तर न्या, हात बरा आहे तुमचा. चालत्या गाडीला मी काय करू? मुलीकडं सगळं चालतं. पंखा चालतो, मिक्सर चालतो, नळसुद्धा गळत नाही. तीन वर्षं मी नुसता बसून आहे."

त्यांनी पिशवी खाली ठेवली, काठी भिंतीला टेकवली आणि शर्टाच्या बाह्या दुमडल्या. पुन्हा एकदा ते त्या खडखडाटाच्या खजिन्यात डोकावले आणि एखाद्या सुग्रास ताटाकडे पाहावे तसे पाहू लागले.

"पिस्टन गेलाय. बेअरिंग गेलंय. गियर दातात नाहीत. हिला दोन वर्षं तरी लागतील," ते म्हणाले. आवाजात काठोकाठ सुख होते. "सूनबाई, माझं अंथरूण आजूबाजूलाच कुठंतरी घाल."

सूनबाईंनी 'दोन दिवस' आणि 'दोन वर्षं' यांतला फरक मनातल्या मनात काढला आणि त्या मुकाट्याने चहा ठेवायला गेल्या. डॉक्टर पेशंट आठवून पळाले.

प्राध्यापक तिथेच उभे राहिले. कौतुक झाले, की अपमान, की आणखी काही, याचा निर्णय त्यांना कोणत्याच नियमाने लागेना. आप्पांनी मागे न पाहता त्यांच्या दिशेने हात पसरला.

"दहा-अकराचा पाना दे."

प्राध्यापक लगबगीने पेटीशी बसले. सगळे पाने नीट पाहिले, दोन बाजूला काढले, दोन्ही उजेडात धरून तपासले आणि पूर्ण विचारांती एक आप्पांच्या हातावर ठेवला.

तो बारा-तेराचा होता. आप्पांनी तो न बघता परत दिला, आणि हात तसाच पसरून ठेवला.