मॅटाडोरचा कब्जा

तारामतीकाकूंनी पुढे केलेला पाण्याचा पेला अलकाने हसून परत केला. "नको काकू, आमचं उकळलेलं आहे," असं म्हणून तिने खांद्यावरचा थर्मास दाखवला. एवढंच झालं. पण झालं ते हैदराबादच्या अंबरपेठेतल्या गल्लीत, भर दारात, आणि समोरच्या ओट्यावर शोभाम्मा गोंगुऱ्याची, म्हणजे अंबाडीची, पानं खुडत बसली होती. तिचे हात जागच्या जागी थांबले.

अलकाच्या डोक्यात फक्त ओंकारचं पोट होतं. तिचा मुलगा ओंकार दीड वर्षाचा. पुण्याहून निघून चार दिवस झाले होते, आणि या चार दिवसांत तिने पाणी वीस वीस मिनिटं उकळलं होतं, दोनदा ताप मोजला होता आणि दोन्ही वेळा तो नव्हता.

प्रवास चालला होता तो चालत्या घरातून. पिंपरीच्या कंपनीने स्वेच्छानिवृत्तीची योजना आणली आणि सर्वांत आधी अर्ज केला तो तिच्या नवऱ्याने, हर्षदने, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी. साल चौऱ्याण्णव. देश खुला झाला होता, रोज नवं काहीतरी येत होतं, आणि हर्षदने एका परदेशी मासिकात घरासारख्या गाडीचं चित्र पाहिलं होतं. मग भोसरीच्या एका गॅरेजात जुन्या मॅटाडोरमध्ये दोन पलंग, ओटा, शेगडी, मोरी, पंखा आणि फुलाफुलांचे पडदे बसले. हैदराबादच्या एका ट्रॅव्हल्सचे मालक विजयराव यांनी फोनवर सांगितलं होतं, "बायको-मुलासकट आठ दिवस गाडीत राहून दाखवा. घराची पायरी चढायची नाही. जमलं, तर सहा गाड्या घेतो." शनिवारी सकाळी दहाला ते स्वतः बघायला येणार होते. गॅरेजवाला भोसरीत पैशांची वाट बघत होता आणि नोकरी तर आता नव्हतीच.

सोबत विजयरावांना एक माहितीपत्रकही हवं होतं, शहरात काय खावं आणि काय ऐकावं याचं. ते काम अलकाकडे, कारण ती एम. ए. होती. हर्षदने नकाशावर लाल पेन्सिलीने खुणाही केल्या होत्या: सकाळी नारायणगुड्याला इडली, दुपारी कोठीला मिरचीभजी, रात्री जुन्या शहरात कव्वाली.

"गाडी मोकळ्या मैदानात लावू," हर्षद म्हणाला होता.

"लहान मूल घेऊन मैदानात? तुझे काका अंबरपेठेत राहतात ना? त्यांच्या दारात लाव. काही झालं तर आपलं माणूस हाकेवर असेल."

म्हणजे गाडी तिथे लागली ती अलकाच्या सावधपणामुळे. हे पुढे हर्षदने तिला बरेचदा ऐकवलं.

एकनाथकाका निजामाच्या वेळेपासून हैदराबादचे. रेल्वेतून निवृत्त, गल्लीत मान मोठा. त्यांना हर्षदने सगळं समजावून सांगितलं. ते शांतपणे ऐकत होते.

"म्हणजे घर असून तुम्ही रस्त्यावर निजायलाव?"

"प्रयोग आहे, काका."

"हौ. करा," काका म्हणाले आणि आत गेले. काकू मात्र तो पेला हातात घेऊन बराच वेळ दारात उभ्या होत्या.

बुधवारी सकाळी सात वाजता मॅटाडोरच्या खिडकीवर टकटक झाली. शोभाम्मा. हातात पेसरट्टूंची, म्हणजे मुगाच्या डोशांची, चळत आणि डबाभर चटणी.

"खाओ, अम्मा. बच्चे को भी खिलाओ. पेट से क्या दुश्मनी?"

"अहो पण कशाला..."

शोभाम्माने इकडेतिकडे बघून आवाज खाली आणला. "मेरेकू मत छुपाओ. पानी भी नै पिये उनके घर का. मैं देखी ना. कितना हिस्सा है तुम्हारा?"

अलकाला काही उमगेना. "कसला हिस्सा?"

"घर का, अम्मा! भतीजा बच्चे को लेके चाचा के दरवाजे पे गाडी में बैठता, तो तीर्थयात्रा को बैठता क्या?"

अलकाने मग मनापासून समजावलं. भांडण नाही, आम्ही हौसेने राहतो आहोत, ही चालतं घर करायची नवी कल्पना आहे. शोभाम्मा डोळ्यांत पाणी आणून ऐकत होती. शेवटी तिने अलकाच्या गालांवरून हात फिरवून बोटं मोडली. "खानदानी लोगां," ती म्हणाली. "घर की बात बाहर नै बोलते."

दुपारपर्यंत ही खानदानी वृत्ती गल्लीभर पसरली. कुठून चिंचेचा भात आला, कुठून बघारे बैंगन. कोपऱ्यावरच्या यूसुफभाईंच्या घरून जर्दाळूंच्या गोडाचं वाडगं आलं. यूसुफभाईंचं मरफ्याचं पथक होतं. लग्नाच्या वरातीपुढे डफ आणि ढोल बडवणारे बारा गडी त्यांच्या हाताखाली. अलका प्रत्येक पदार्थ हुंगून, तिखट किती, तेल कुठलं, झाकण होतं का, याचा तपास करी, तोवर ओंकारने तो खाल्लेला असे. संध्याकाळी तिने ताप मोजला. नव्हता. तिला थर्मामीटरचीच शंका आली.

गुरुवारी हर्षद म्हणाला, "हे थांबवायचं तर इथून निघायला हवं. चल, कोठीला जाऊ." त्याने चावी फिरवली मात्र, शोभाम्मा पदर खोचून गाडीपुढे उभी राहिली आणि यूसुफभाई बनियनवरच धावत आले.

"मियाँ, पागल हुए क्या? गाडी हिली तो कब्जा गया!"

"आम्हाला भजी खायला जायचंय," हर्षद म्हणाला.

"भजी यहाँ आती. तुम उतरो नक्को." यूसुफभाईंनी स्वतःच्या हाताने चारही चाकांना विटा लावल्या. "मेरे साढू ने एक दिन के वास्ते कमरा छोडा था. बारा साल से कोर्ट में है."

भजी आली. शिवाय यूसुफभाईंनी मध्यस्थीही हाती घेतली. त्यांच्या तीस वर्षांच्या अनुभवानुसार, लग्नात रुसलेला व्याही बोलण्याने कधी मानत नाही. मरफा वाजायला लागला की आपोआप मांडवात येतो. म्हणून सायंकाळी पाच वाजता ते बारा गडी घेऊन आले आणि एकनाथकाकांच्या दाराकडे तोंड करून पथक सुरू झालं. दगड विरघळेल असं ते वाजवणं होतं. काका विरघळले नाहीत. त्यांनी खिडकी लावून घेतली. "देखे? दिल पे लगा," यूसुफभाई समाधानाने म्हणाले.

"अरे, या आवाजाने ओंकारचे कान..." अलका दोन्ही हातांनी त्याचे कान झाकायला धावली. ओंकार शोभाम्माच्या खांद्यावर गाढ झोपला होता. पथक थांबलं तसा तो किंचाळत उठला. मग त्याला निजवायला शोभाम्माने एक लांबलचक तेलुगू अंगाई म्हटली, आणि अख्खी गल्ली ओट्यावर बसून ती ऐकत राहिली.

शुक्रवारी सकाळी एकनाथकाका पेपर आणायला कोपऱ्यावर गेले. पेपरवाल्याने पेपर दिला, पण नेहमीचा 'नमस्ते साब' दिला नाही. न्हाव्याने आरसा पुसायला घेतला. यूसुफभाई, ज्यांच्याबरोबर काका तीस वर्षं ईदचा शीरखुर्मा आणि दिवाळीच्या करंज्या अदलाबदल करत होते, ते नुसतेच वर आभाळाकडे बघून म्हणाले, "सब यहीं छोडके जाना है, एकनाथराव."

काका घरी आले. उशी, चादर, तपकिरीची डबी घेतली आणि सरळ मॅटाडोरमध्ये चढले.

"उतरा," ते म्हणाले.

"काका, काय झालं?"

"चाळीस वर्षांत या गल्लीत माझ्याकडं कुणी बोट दाखवलं नाही. तुम्ही घरात जावा. मी निजतो हितं."

"पण काका, घराची पायरी चढायची नाही अशी अट आहे! उद्या विजयराव येणार!" अलकाचा आवाज चिरकला.

"तुमची अट तुमच्यापाशी. माझी अब्रू माझ्यापाशी."

हर्षदने हात जोडले. काका पलंगावर आडवे झाले आणि भिंतीकडे तोंड केलं. वडीलधाऱ्या माणसाला धरून उतरवणार कोण? अर्ध्या तासाने, गॅसचं बटण, पंख्याचं बटण आणि मोरीची तोटी कशी चालते ते काकांना तिसऱ्यांदा सांगून, अलका सात दिवसांत पहिल्यांदा एका घराची पायरी चढली. काकूंनी पाण्याचा पेला पुढे केला. या वेळी तिने ते पाणी मुकाट्याने प्यायलं, न उकळलेलं.

निदान आता गल्लीची समजूत पटेल, असं तिला वाटलं. काकांनी पुतण्याला घर दिलं, गोष्ट मिटली. ती हसऱ्या चेहऱ्याने दारात आली. समोर शोभाम्मा उभी होती. हसत नव्हती.

"शरम नै आती?" शोभाम्मा म्हणाली. "बुढ्ढे आदमी को घर से निकाल दिये?"

"आम्ही नाही काढलं! ते स्वतःहून..."

"सीधी समझ के मैं पेसरट्टू खिलाई!" तिने दाराशी ठेवलेला आपला चटणीचा डबा उचलला. तो अर्धा भरलेला होता. तोच तिने मॅटाडोरच्या खिडकीतून काकांना दिला. पाठोपाठ भात गेला, वांगी गेली, यूसुफभाईंनी डबल का मीठा नेला आणि काकांच्या गळ्यात पडून ते रडले. संध्याकाळी मरफ्याचं पथक पुन्हा आलं. या वेळी तोंड घराकडेच, पण रोख हर्षदवर होता. ओंकार आईच्या कडेवरून निसटून गाडीत आजोबांकडे गेला. खाणं तिकडेच होतं.

काकूंनी घरात पिठलं-भात केला. तिघं खाली मान घालून जेवले.

"काकू, तुम्ही तरी त्यांना सांगा ना," अलका म्हणाली.

"चाळीस वर्षं सांगायले," काकू म्हणाल्या.

शनिवारी दहाला विजयरावांची पांढरी गाडी गल्लीच्या तोंडाशी अडली, कारण गल्लीत पन्नास माणसं होती. सफारी सूट घातलेले विजयराव वाट काढत आले. चालत्या घराच्या चाकांना विटा, टपावर वाळत घातलेलं धोतर, दारात रिकाम्या भांड्यांची उतरंड आणि आत पंख्याखाली बसलेले सत्तर वर्षांचे गृहस्थ, त्यांच्या मांडीवर एक मूल. आणि ज्यांनी गाडीत राहायचं, ते नवरा-बायको समोरच्या घराच्या दारात.

"आप तो बोले थे फॅमिली रहती," विजयराव हर्षदला म्हणाले.

हर्षदने तोंड उघडलं, पण शोभाम्मा पुढे होती. तेलुगूत तिने विजयरावांना पाच मिनिटं काहीतरी सांगितलं. अलकाला त्यातलं एवढंच कळलं की बोट दोनदा तिच्याकडे आणि तीनदा आभाळाकडे गेलं. विजयरावांचा चेहरा कठोर झाला. ते तडक मॅटाडोरमध्ये चढले आणि दार लावून घेतलं. नवा पाहुणा आला म्हणून यूसुफभाईंनी पथकाला खूण केली.

पुढची चाळीस मिनिटं अलका काचेतून फक्त हातवारे बघत होती. काका पलंगावर थाप मारत होते. काका गुडघा वाकवून दाखवत होते. विजयरावांनी मोरीची तोटी सोडून बघितली, पंखा कमी-जास्त करून बघितला. मग खिडकीतून एक ताट आत गेलं, आणि विजयराव हातवारे करायचे थांबले. हर्षद भिंतीला टेकून उभा होता. "पिंपरीत परत घेतील का गं?" त्याने विचारलं. ढोलांच्या आवाजात तिला ऐकू गेलं नाही, पण ओठांवरून समजलं. तिने त्याचा हात धरला.

मरफा थांबला. विजयराव रुमालाने ओठ पुसत उतरले.

"मॅडम, पांप्लेट?"

अलकाने पर्समधून माहितीपत्रकाचा घडी केलेला कागद काढला. तिला खोटं लिहिता आलं नव्हतं. पेसरट्टू, चिंचेचा भात, बघारे बैंगन, भजी, जर्दाळूंचं गोड, डबल का मीठा, मरफा दोन वेळा, तेलुगू अंगाई एक. प्रत्येकापुढे 'कुठे मिळेल' या रकान्यात तिने एकच शब्द लिहिला होता: खिडकीत.

विजयरावांनी तो कागद दोनदा वाचला. "गाडी कितने किलोमीटर चली इधर आके?"

"एक पण नाही," हर्षद खालच्या आवाजात म्हणाला.

"हं. बुढ्ढे साब का पीछे तीन कमरे का पक्का मकान है. फिर भी बोलते, उतरता नै. घुटना ठीक है बोलते, नींद आती बोलते, कोई टोकता नै बोलते." विजयरावांनी गाडीभोवती एक चक्कर मारली आणि चाकाखालच्या विटेला बुटाने ठोकून पाहिलं. "छे गाडियाँ पक्की. लेकिन एक बात. चलती रही तो खिडकी में कुछ नै आता. इंजन के बगैर मिलते क्या?"

हर्षदचा चेहरा पाहण्यासारखा झाला. एवढी नोकरी सोडली होती ती रस्त्यांसाठी. तो काही बोलणार तोच अलका पुढे झाली. आठवड्यात पहिल्यांदाच तिला सगळं नीट समजलं होतं.

"मिळतील," ती म्हणाली. "पण चाकं ठेवू या. चाकं नसली तर विटा लावायच्या कशाला?"