जादाची पुडी

“उद्या सकाळी चोर पाण्यावर तरंगताना दिसेल!” टेलरमास्तरांनी किनारा समितीच्या सभेत टेबलावर मूठ आपटली. चोर कोण, हे अध्यक्ष या नात्यानं त्यांनी केव्हाच ठरवलं होतं. कोपऱ्यावरचं हॉटेल! त्याचंच सांडपाणी पावसाळी गटारातून समुद्रात जातं याची त्यांना इतकी खात्री होती, की हल्ली हॉटेलवाल्याच्या पँटचं मापसुद्धा ते रागारागानं घेत.

राग उगाच नव्हता. त्यांची बायको रोज पहाटे समुद्रात पोहायची. अंगावर पुरळ उठायला लागलं आणि डॉक्टरांनी पोहणं बंद केलं. तेव्हापासून ती चहा घेऊन खिडकीत उभी राहायची, आणि चहा तसाच गार व्हायचा. मास्तरांना ते बघवत नसे. तुझा समुद्र तुला परत आणून देतो, असं त्यांनी तिला कबूल केलं होतं.

नगरपालिकेच्या इंजिनीयरबाईंनी युक्ती काढली. सकाळी हॉटेलच्या संडासात हिरवा रंग टाकायचा. समुद्र हिरवा झाला की पुरावा! रंगाची एक पुडी बाईंनी स्वतःजवळ ठेवली, जादाची मास्तरांकडे दिली. मास्तरांनी ती घरी फळीवर ठेवून बजावलं, “ही संडासात टाकायची पुडी आहे. कुणी हात लावायचा नाही!” सासूबाईंना जरा कमी ऐकू यायचं. त्यांनी मान डोलावली.

पहाटे मास्तरांना स्वप्न पडलं. बायको हिरव्यागार पाण्यात पोहतेय आणि ते स्वतः लाटांच्या कडांना टीप घालतायत. जाग आली, तर खिडकीबाहेर समुद्र खरंच हिरवा! कोवळ्या उन्हात पाणी आतून दिवा लावल्यासारखं उजळलं होतं. त्यांनी स्वतःला चिमटा काढला. मग बायकोला काढला. तिनं उलट काढला तेव्हा खात्री पटली.

किनाऱ्यावर सगळी वस्ती जमली होती. इतकं सुंदर सांडपाणी कुणी आयुष्यात पाहिलं नव्हतं! बायको ओल्या वाळूत अनवाणी उभी राहून हसत होती. मास्तरांना आपण जमिनीच्या वीतभर वरून चालतोय असं वाटलं, आणि त्याच तंद्रीत त्यांनी हॉटेलवाल्याची कॉलर धरली.

“बघ! हे तुझं!”

“मास्तर, सोडा! तुम्हीच शिवलाय शर्ट, फाटेल!”

तेवढ्यात इंजिनीयरबाई पुडी घेऊन स्कूटरवरून आल्या आणि पाण्याकडे बघतच राहिल्या. “अहो, माझी पुडी तर अजून फोडलेलीच नाही! जादाची कुठाय?”

“घरी, फळीवर.”

बाईंच्या हातातली पुडी बघून सासूबाई लगबगीनं पुढे आल्या. “आणखी आणलीत? पहिली मी टाकली हो! जावईबापू सभांच्या गडबडीत विसरले असते. सगळी टाकली, आणि दोनदा पाणी ओढलं!”

अख्खा किनारा खो खो हसला.

“म्हणजे इतकी वर्षं मी आपल्याच संडासात पोहत होते?” बायकोनं विचारलं. हे स्वप्नच असतं तर किती बरं झालं असतं, असं मास्तरांना वाटलं.

“हसू नका,” इंजिनीयरबाई म्हणाल्या. “ह्यांच्या अख्ख्या रांगेचा पाइप एकच आहे.” हसू थांबलं. “ताई, तो पावसाळी गटारातून काढून मैलापाण्याच्या मुख्य लाइनला जोडला की पाणी साफ होईल, पोहा खुशाल. आजच खोदू. मात्र आठवडाभर सगळ्यांचे संडास बंद!”

बायकोचा चेहरा खुलला. मास्तरांच्या पोटात मात्र कळ आली.

“आमच्याकडे या की,” हॉटेलवाला कॉलर सारखी करत म्हणाला. “आमचा पाइप पहिल्यापासून मुख्य लाइनलाच आहे.”

मास्तर बाणेदारपणे नको म्हणणार होते. पण दुसरी कळ आली. ते पळत हॉटेलशी पोचले, तो समितीची रांग दारापासून रस्त्यापर्यंत गेलेली!

“अहो, अध्यक्षांना आधी जाऊ द्या!” ते कळवळून ओरडले.

कुणी जागचं हललं नाही. सगळ्यात पुढे उभी असलेली बायकोसुद्धा नाही.