दुर्जनाची एक जागा

विस्कॉन्सिनमधल्या टॅमरॅक लेक गावी, लुथरन चर्चच्या तळघरात, दर रविवारी दुपारी एक ते पाच या वेळेत चार प्रौढ माणसं जगाचं रक्षण करीत असत. हे काम गेली अकरा वर्षं कोणताही गाजावाजा न होता चालू होतं. त्यासाठी लागणारं सामान म्हणजे एक घडीचं टेबल, चार लोखंडी खुर्च्या, कागद-पेन्सिली, वीस बाजूंचे फासे आणि लवॉनने घरून करून आणलेल्या खजुराच्या वड्या.

हा फाशांवर चालणारा कल्पित साहसाचा खेळ होता, आणि त्यात प्रत्येकाला एक सोंग होतं. जिल्ह्याच्या बांधकाम परवाना कार्यालयातला मर्विन कुबियाक व्रतस्थ योद्धा होई. लवॉन जखमा बऱ्या करणारी जोगीण. रसायनशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या आर्डिसबाई खेळ चालवत, म्हणजे ड्रॅगन, राक्षस, खाणावळवाले आणि हवामान ही खाती त्यांच्याकडे होती. आणि सरकारी ट्रकने रस्त्यावरचा बर्फ सारणारा ओडेल रासमुसेन हा चोर होता. बायको गेल्यापासून ओडेल आठवड्यातून याच चार तासांत बोलत असे. बाकीच्या दिवसांत ट्रकमधल्या रेडिओवर कार्यालयाची सूचना आली की तो 'ऐकलं' एवढंच म्हणे.

सोंगाच्या कागदावर 'नीती' असा एक रकाना असतो. अकरा वर्षांपूर्वी ओडेलने त्यात 'दुर्जन' असं लिहिलं होतं. चोराने आणखी काय लिहायचं, असा त्याचा साधा हिशेब. त्यानंतर त्याच्या चोराने शेकडो कुलपं उघडली, पहारेकऱ्यांना गुंगीचं औषध पाजलं, आणि प्रत्येक वेळी योद्धा त्या उघड्या दारातून मान ताठ ठेवून आत गेला. कागद कुणी मागितला नाही.

जानेवारीत खेळाच्या नियमपुस्तकाची नवी आवृत्ती आली. इतरांनी त्यातली चित्रं पाहिली; मर्विनने ते वाचलं. चौऱ्याण्णवाव्या पानावर म्हटलं होतं की व्रतस्थ योद्धा दुर्जनाच्या संगतीत राहिला तर त्याचं तेज जातं. त्या वेळी खेळात मंडळी ड्रॅगनच्या गुहेच्या दाराशी होती. दाराला कुलूप होतं आणि आत गावातली बारा मुलं ओलीस होती. ड्रॅगन दर रविवारी एक मूल खाणार, हे आधीच जाहीर झालेलं होतं.

"मला काही वाद वाढवायचा नाही," मर्विन म्हणाला. त्या भागात मोठे वाद याच वाक्याने सुरू होतात.

"हे वेगळंच आहे," लवॉन म्हणाली. याहून कडक निषेध तिने आयुष्यात नोंदवला नव्हता.

तिथल्या तिथे तिघांची नीती समिती नेमण्यात आली. ओडेल हा प्रकरणातला पक्षकार असल्यामुळे त्याच्याकडे कॉफी करण्याचं काम देण्यात आलं. समितीने पहिला निर्णय असा दिला की चोराने चोरीपूर्वी योद्ध्याला लेखी कळवावं, म्हणजे योद्ध्याला वेळेवर पाठ फिरवता येईल. पुढच्या रविवारी लक्षात आलं की पाठ फिरवणं हीदेखील संमतीच. तेव्हा मालकाची पूर्वपरवानगी आवश्यक करण्यात आली. गुहेचा मालक ड्रॅगन. तिसऱ्या रविवारी त्याच्याकडे रीतसर अर्ज गेला. आर्डिसबाईंनी तो ड्रॅगनच्या वतीने आठवडाभर विचाराधीन ठेवला आणि कुलपाचा नकाशा जोडलेला नाही या कारणास्तव परत केला. मधल्या काळात दर रविवारी एक शोकठराव एकमताने मंजूर होत होता. लवॉनच्या सूचनेवरून त्याचा मसुदा कायम ठेवून फक्त नावाची जागा कोरी सोडण्यात आली.

"बाई, मी उघडू का दार?" ओडेलने विचारलं. आर्डिसबाईंनी त्याला शाळेत शिकवलं होतं. "दोन मिनिटांचं काम आहे."

"उघडशील रे तू," बाई म्हणाल्या. "पण तू आहेस कोण, ते अजून ठरायचंय."

ते ठरवण्यासाठी चौथ्या रविवारी त्याला नोटीस मिळाली. दोन रविवारांच्या आत सुधारणा सिद्ध करावी, अन्यथा टेबल सोडावं. ओडेलने आपल्या खुर्चीकडे पाहिलं. तिचा एक पाय त्यानेच चिकटपट्टीने बांधला होता. दुसऱ्या कुणाला त्या खुर्चीवर तोल सांभाळून बसता आलं नसतं.

टेबलावर सज्जन आणि बाहेर मोकाट असं चालणार नाही, हेही मर्विनने स्पष्ट केलं. नीती ही रविवारपुरती नसते. ओडेलने मान डोलावली. नोकरीच्या ठिकाणची नियमावली त्याने पहिल्यांदाच शेवटपर्यंत वाचली, आणि सहाव्या रविवारी 'दुर्जन' खोडून सुवाच्य अक्षरात 'सज्जन' लिहिलं. समितीने त्याचं अभिनंदन केलं. सज्जनाला कुलूप फोडता येत नसल्यामुळे दार मात्र बंदच राहिलं.

वड्यांचंही असंच झालं. त्या मुलखात शेवटची वडी उचलणं हे सभ्य माणसाचं लक्षण नाही. तिची अर्धी घेतात, मग अर्ध्याची अर्धी. आजवर काही वेळाने ओडेल ती सबंध तोंडात टाकी आणि ताट मोकळं होई. आता त्यानेही सुरी घेतली. पाच वाजता ताटात नखाएवढा तुकडा उरला होता, आणि लवॉनला ताट धुता येईना.

त्या गुरुवारी दीड हात बर्फ पडला. ट्रकने तो रस्त्याच्या कडेला लोटला की प्रत्येक घराच्या तोंडाशी कंबरभर भिंत उभी राहते. अकरा वर्षं ओडेल या तिघांच्या घरांपाशी ट्रक वळवून ती भिंत काढत आला होता. नियमावलीच्या सातव्या कलमानुसार सरकारी वाहन खासगी दारात वळवण्यास सक्त मनाई आहे. मर्विन समजत असे की आपल्या गल्लीत वाराच अनुकूल आहे.

रविवारी एक वाजता तळघरात ओडेल एकटाच होता. कॉफी तयार होती. दीड वाजता फोन वाजला.

"ओडेल, माझ्या दारात भिंत आहे रे," मर्विन म्हणाला.

"हो. कलम सात."

"तीन दिवस फावडं मारतोय. कंबर धरली माझी."

"बाईंच्या दारातही आहे. लवॉनच्याही. सगळ्यांना सारखी."

पलीकडे फावडं खाली ठेवल्याचा आवाज आला.

"मला काही वाद वाढवायचा नाही," मर्विन म्हणाला, "पण माणसाने किती सज्जन व्हावं, यालाही काही प्रमाण असतं."

"मग मी खुर्चीवर बसायचं की नाही, तेवढं सांग."

ते सांगायला विशेष सभा घ्यावी लागली. आठव्या रविवारी असं ठरलं की दुर्जनाची एक जागा कायम राखीव ठेवण्यात यावी, कारण ती रिक्त राहिल्यास इतरांच्या सज्जनपणात अडथळा येतो. चौऱ्याण्णवाव्या पानाचीही अडचण उरली नाही. दुर्जन हा सोबती नसून सेवा समजण्यात यावा, असा खुलासा जोडला गेला. संगतीचा समज होऊ नये म्हणून त्याची खुर्ची टेबलापासून हातभर मागे सरकवण्यात आली.

ओडेलने 'सज्जन' खोडलं, 'दुर्जन' लिहिलं, हात लांब करून फासा टाकला. दार दोन मिनिटांत उघडलं. योद्धा मान ताठ ठेवून आत गेला. बारापैकी पाच मुलं शिल्लक होती. त्यांनी योद्ध्याचे आभार मानले.

पाच वाजता ताटात शेवटची वडी होती. तिघांनी वडीकडे पाहिलं, मग ओडेलकडे. तो उठला, टेबलापर्यंत आला आणि ती खाऊन टाकली.

"बघा," लवॉन ताट उचलत हळूच म्हणाली, "शेवटचीसुद्धा सोडत नाही." तिघांनाही फार बरं वाटलं.

नीतीच्या रकान्याचे कोरे कागद तळघरातल्या कपाटात अजून आहेत. वाचकांपैकी कुणाला हवा असल्यास मिळेल. मात्र 'सज्जन' लिहिण्यापूर्वी आपल्या घरची शेवटची वडी कोण उचलतं ते आठवावं, आणि त्या माणसाची खुर्ची टेबलापासून किती अंतरावर आहे, ते पट्टी घेऊन एकदा मोजावं.