ताण न धरणारे रणवरे सर

लोकांच्या गाडीमागं 'आईची कृपा' असतं, नाहीतर 'नरसिंह प्रसन्न'. आमच्या वरकुट्यातल्या रणवरे सरांच्या स्कूटरमागं लाल रंगात होतं, 'सीडीसी २५ ए ची कृपा'. पेंटरनं विचारलं म्हणे, "सर, ह्यो कुठला देव?" सर म्हणाले, "तुझ्या अंगातलाच हाय. रंगव तू."

देव कसला, जीन आहे तो! सर इंदापूरला कॉलेजात जीवशास्त्र शिकवायचे, आणि तरुणपणी पुण्यात त्यांनी ह्या एकाच जीनचा अभ्यास केलेला. त्यांच्या डाळिंबाला आमचा बांध लागून, त्यामुळं मला सगळं तोंडपाठ. पेशीला एकाची दोन व्हायचं असतं, पण तिच्या इंजिनाला फॉस्फेटचं कुलूप असतं. ह्या जीनपासून बनणारं प्रथिन ते फॉस्फेट काढून टाकतं. कुलूप निघालं की पेशी निघाली.

"आमी फॉस्फेट पोत्यानं घालतोय आन तुमचा गडी काढतोय व्हय?" मी म्हणायची. "आमच्या रानात नका सोडू बाई त्याला!"

सरांचं स्वतःचंही तसंच. बूड म्हणून टेकायचं नाही. चहा उभ्यानं, पेपर उभ्यानं. बारामतीची एसटी उशिरा असली तर चालत पुढच्या थांब्यावर जाऊन उभे. पंगतीत लोक भात कालवतायत तोवर हे हात धुऊन दारात, "चला, काढा कुलूप!" त्यांच्या बायकोला, सुमनवहिनींना, मी एकदा विचारलं, कसा काढला हो ह्यांच्याबरोबर संसार? "पळत," त्या म्हणाल्या.

आता डाळिंबाचं काम म्हणजे थांबायचं काम. बहार धरायचा तर आधी झाडाला ताण द्यावा लागतो. पाणी पार बंद करायचं, पानं पिवळी होऊन गळू द्यायची, आणि मग पहिलं पाणी. तेव्हा कुठं फुलं लागतात. सरांना कुठला एवढा धीर! पानं जरा माना टाकायला लागली की ह्यांनी सोडलंच पाणी. दरसाल नुसता पाला. "तहानलेलं बघवत न्हाय गं," म्हणायचे. मी चिडून म्हणायची, "मग शेळ्या पाळा!"

यंदा ताण द्यायला लागलो आणि सुमनवहिनींच्या छातीत गाठ निघाली. पुण्याला तपासलं, कॅन्सर. सर मोटरची किल्ली माझ्या हातात देऊन गेले. मध्ये एकदा कपडे न्यायला आले तेव्हा मी मेली बोलून गेले, "तुमच्या त्या गड्याला सांगा की काहीतरी."

सर कपडे पिशवीत कोंबत म्हणाले, "पेशीत बिघाड असला की तिनं थांबायचं असतं, मंगल. पण कधीकधी तो गडीच माजतो. तपासणी न होता कुलपं काढत सुटतो." जाताना मी बघितलं, स्कूटरमागची अक्षरं रॉकेलनं पुसून काढली होती.

ऑपरेशन झालं. गाठ वेळेत निघाली, औषधं मात्र चालू राहणार होती. केमोचे पहिले दोन डोस घेऊन दोघं घरी आले, तोवर झाडं नुसत्या काड्या झालेल्या. आयुष्यात पहिल्यांदा सरांच्या बागेला पुरता ताण बसला होता.

"सोडा पाणी आता," मी किल्ली दिली.

"थांबू की जरा," सर म्हणाले.

मी ऐकतच राहिले. हा माणूस थांबू म्हणतोय! दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. येणार, पाण्याच्या कॉकवर हात ठेवणार आणि परत जाणार. शेंडे वाळायला लागले तेव्हा माझं डोकंच फिरलं. "अवो, मारताय का झाडं?" मी बांधावरनं ओरडले.

सरांनी माझ्याकडं बघितलं. "मला भ्या वाटतंय गं," ते म्हणाले. "आता काही वाढायला लागलं की भ्या वाटतंय."

माझा आवाज ऐकून सुमनवहिनी घरातनं आल्या. केस गेलेले, डोक्याला पदर घट्ट गुंडाळलेला, चाल सावकाश. त्यांनी सरांचा हात धरून बाजूला घेतला.

"ही डाळिंबं हायत," त्या म्हणाल्या. "ह्यांना वाढू द्या. माझं डॉक्टर बघतील."

आणि त्यांनीच मोटर चालू करून कॉक फिरवला. ठिबकच्या नळीतून आधी फुसफुस हवा आली, मग थेंब पडायला लागले. सर तिथंच पहिल्या झाडाच्या बुडाशी मातीत बसले. बसले म्हणजे खरंच बसले, मांडी घालून. वहिनी बाजूला टेकल्या.

ऊन चढलं तसं वहिनींनी त्यांना कोपरानं ढोसलं. "चला की. काढा कुलूप."

"बस गं," सर म्हणाले. "ओल कुठवर जातीय बघू."

वहिनींचा हात त्यांनी सोडलाच नव्हता.