तात्यांनी उकळलेली प्लेट

आमच्या शेजारचे तात्या कुणालाही भेटले की आधी त्याच्या तोंडात बघतात. त्यांचा तरी काय दोष? उभा जन्म बैलांच्या दलालीत गेला. जबडा उघडला की बैल दोन दाती, चार दाती की सगळे दात येऊन जुळलेला, म्हणजे वय किती, हे परतूरच्या बाजारात त्यांनी सांगायचं आणि बाकीच्यांनी मान डोलवायची. आता बाजार सुटला, नजर तेवढी राहिली. मी रिटायर झालो त्या दिवशी हार घालता घालता म्हणाले, "गुरुजी, खालची हिरडी सुजून राह्यली बरं तुमची."

सध्या त्यांच्या तावडीत नात सापडली आहे. प्राजक्ता शिक्षणासाठी त्यांच्याकडे राहते. तिच्या दातांच्या तारा निघाल्या, तेव्हा तात्यांनी तिला गल्लीत घरोघर नेऊन हसून दाखवायला लावलं. डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, हिरड्यांवर मऊ ब्रश हळू फिरवायचा आणि झोपताना दात जागेवर धरणारी प्लास्टिकची प्लेट घालायची, नाहीतर दात परत सरकतील. झालं! तात्यांनी त्याचा घोरच घेतला. रोज सकाळी ती ब्रश करते आणि हे समोर खुर्ची टाकून बसतात. "हळू की! पातेलं घासून राह्यली का?"

मागच्या महिन्यात त्यांनी कमालच केली. प्लेट अगदी स्वच्छ व्हावी म्हणून ती उकळत्या पाण्यात टाकली. प्लेट वेडीवाकडी झाली. प्राजक्ता रडली, तात्या जेवले नाहीत. दुसऱ्याच दिवशी तिला आणि मला बरोबर घेऊन ते जालन्याच्या दवाखान्यात निघाले. वाटूरहून त्यांची लेक शोभा, म्हणजे प्राजक्ताची आई, तीही आली.

डॉक्टरीणबाईंनी तपासलं. "दात जागच्या जागी आहेत. हिरड्या तर इतक्या छान, की बघत राहावं."

"मंग! नात कुणाची हाय?" तात्यांची छाती फुगली. प्राजक्ता खळखळून हसली. शोभाही हसली, पण तोंडावर पदर धरून.

तात्या तिच्याकडे बघतच राहिले. मग मला हळूच म्हणाले, "गुरुजी, ही लहानपणापासून अशीच हसती. मला वाटायचं, लाजाळू हाय पोरगी. दात पुढं हायेत म्हणून तोंड झाकती, हे मला कधी दिसलंच न्हाई." मला फार वाईट वाटलं.

तात्या उठून डॉक्टरीणबाईंसमोर जाऊन बसले.

"मॅडम, चाळिशीतल्या बाईला तार बसती का हो?"

"हिरड्या मजबूत असल्या तर बसते की."

"तात्या, आता या वयात कशाला?" शोभा पदराआडूनच म्हणाली.

तात्यांनी हात जोडले. "पदर काढ माय. मला बघू दे."