हसल्याबद्दल कारणे दाखवा

वयाच्या सत्तावन्नाव्या वर्षी, निवृत्तीला आठ महिने उरलेले असताना, नोंदणी कार्यालयाच्या आवक-जावक खिडकीवरच्या ठसाबाईंना गालगुंडं झाली. हा आजार लहानपणीच उरकून टाकायचा असतो हे बाईंना कळत नव्हतं असं नाही. पण पाठीवर चार भावंडं असल्यामुळे लहानपणी त्यांना आजारी पडायला सवड झाली नव्हती, आणि पुढे एकतीस वर्षं खिडकीने ती दिली नाही. ठसाबाई हे नावही खिडकीचंच देणं. आलेल्या कागदावर त्या असा ठसा हाणायच्या की रांगेतल्या शेवटच्या माणसाचा चष्मा नाकावरून घसरायचा.

डॉक्टर म्हणाले, "पंधरा दिवस अंथरूण. चावायचं नाही, आणि बोलायचं तर अजिबात नाही."

घरच्यांनी ही बातमी फार धीराने घेतली. मुलाने तर दोनदा विचारलं, "पंधरा पुरतील ना, डॉक्टर?"

दोन दिवस बाईंनी चिठ्ठ्यांवर घर चालवलं. 'दुधावर झाकण नाही.' 'कोण खोकलं?' 'मी अजून मेलेली नाही, दिवा कोणी घालवला?' तिसऱ्या दिवशी सुनेने कपाटातून आपली माहेरची अकरा पुस्तकं काढली आणि बाईंच्या उशाशी रचून ठेवली. पुस्तकं जुनी होती, आता कुठल्या दुकानात विकतही मिळत नव्हती.

"खुनाच्या गोष्टी आहेत, आई. पण विनोदी आहेत."

बाईंनी चिठ्ठी लिहिली : 'माणसं मरतात आणि तुम्हाला हसू येतं. शोभतं हो तुमच्या माहेराला.' ती चिठ्ठी सुनेच्या हातात पडेपर्यंत पहिल्या पुस्तकाची चार पानं उलटून झाली होती.

गोष्टी एका गावच्या होत्या. त्या गावात बटणवाली आत्या म्हणून एक बाई बटणांचं दुकान चालवायची. गावात दर महिन्याला एक खून पडायचा, पण गाव सोडून कोणी जायचं नाही. बटणं दुसरीकडे इतकी चांगली मिळत नसावीत. फौजदार दर वेळी भलत्याच माणसाला धरायचा, आणि आत्या प्रेताच्या सदऱ्याची बटणं मोजून खरा खुनी काढायची. बाई ओळीखाली बोट धरून, ओठ हलवत, दर पानाला अंगठा जिभेवर टेकवून वाचत सुटल्या. दिवसाला एक पुस्तक. हसलं की दोन्ही कानांखाली कळ जायची, कळ गेली की बाई स्वतःच्याच तोंडाला शिव्या घालायच्या आणि त्या शिव्यांनी आणखी हसू यायचं.

अकराव्या दिवशी नववं पुस्तक निघालं. त्याचं नाव 'प्रेताला दोन डावे बूट'. गावचा घड्याळजी त्याच्याच दुकानात मरून पडला होता. दोन्ही पायांत डावे बूट आणि पोटात पत्रं फोडायची सुरी. संशय तिघांवर होता : दातांचा डॉक्टर, घड्याळजीची मेहुणी आणि पोस्टमास्तर. सुरी पाहून सगळं गाव पोस्टमास्तरच्या मागे लागलं होतं. बाईंचा जीव वर आला. दिवसभर इमानाने ठसे मारणारा माणूस संध्याकाळी खून करूच शकत नाही, तेवढी मनगटात ताकदच उरत नाही, हे त्या फौजदाराला कोणी सांगायचं? पोस्टमास्तर सुटलाच पाहिजे होता. हा आता एका पोस्टमास्तरचा प्रश्न राहिला नव्हता, साऱ्या ठसेवाल्यांच्या अब्रूचा झाला होता.

एकशे ऐंशीव्या पानावर आत्याने तिघांना दुकानात बोलावलं, दार लावलं, आणि फौजदाराच्या सदऱ्याचंच बटण तुटून मांजराच्या दुधात पडलं. बाई हसता हसता पलंगावरून कलल्या, आणि तेवढ्यात दारात पडताळणी कारकून उभा राहिला.

सात दिवसांहून जास्त आजारी पडणाऱ्याचा आजार समक्ष पाहून यावा, असा कार्यालयाचा नियम होता. हा कारकून एके काळी बाईंच्या हाताखाली पाकिटं चिकटवायचा. त्याने खुर्ची ओढली, फॉर्म काढला.

"बाई, तुम्ही हसत होता."

"मग काय रडू?" डॉक्टरांची बंदी बाईंनी बाजूला ठेवली.

"जिन्यापर्यंत ऐकू येत होतं. मी मोजत आलो. सात वेळा."

"अरे, तोंड बघ माझं! भोपळा झालाय नुसता."

"तोंडाची नोंद घेतली आहे. तोंडाबद्दल कार्यालयाची काही तक्रार नाही. पण आजारी माणसाने कण्हावं, विव्हळावं, गेला बाजार एखादा उसासा टाकावा. हसण्याचा रकानाच नाही फॉर्मात."

"पुस्तकाने हसवलं मला."

"म्हणजे तुमच्या मनात नसताना?"

"मनात कशाला असेल? कळा निघतात इथे!"

"मग तसा पुरावा जोडावा लागेल." आणि त्याने बाईंच्या हातातून पुस्तक काढून घेतलं.

"अरे मेल्या, खुनी कोण तेवढं तर बघू दे! छत्तीस पानं राहिलीत!"

"आता तुम्ही वाचलंत तर पुराव्यात फेरफार होईल, बाई." हे वाक्य त्याला बाईंनीच शिकवलेलं होतं.

तो गेल्यावर सून सूपाची वाटी घेऊन आली. तिचा चेहरा फार मऊ झाला होता. "आई, मी वाचलंय ते. सांगू का?"

"खबरदार! या घरात काहीही झालं तरी आधी मला कळतं, मग तुम्हाला. इतकी वर्षं असंच चाललंय."

"बरं. पण मला ठाऊक आहे हो," असं म्हणून सून वाटी ठेवून गेली. लग्न झाल्यापासून इतकं गोड सूप तिने केलं नव्हतं.

दोन दिवसांनी नोटीस आली. 'आपण रुग्णावस्थेत हसलात हे खरे आहे काय? असल्यास किती वेळा व कोणाच्या परवानगीने? आपण आजारी असल्यास हसलात कशा, व हसलात तर आजारी कशा, याची कारणे दाखवावीत.' बाईंनी उत्तर सांगितलं, सुनेने लिहून घेतलं. 'हसले. सात वेळा नाही, अकरा वेळा. त्यातल्या चार वेळा तो जिन्यात पोचण्याआधीच झाल्या होत्या. पुस्तक परत करावे.' पुस्तकाबद्दल बाईंनी हेडक्लार्कना फोनही केला. त्यांनी शांतपणे विचारलं, "बाई, तुमच्या खिडकीवर पाटी काय आहे?"

पाटी बाईंनीच रंगवून घेतली होती : 'जोडलेली कागदपत्रे परत मिळणार नाहीत.' ती दाखवून त्यांनी किती माणसं रडवून परत पाठवली होती याची गणती नव्हती. त्यातल्या एकाचाही चेहरा त्यांना आठवेना, आणि त्यांनी फार प्रयत्नही केला नाही.

इकडे फाइल योग्य मार्गाने वर निघाली. पुस्तकाने खरंच हसू येतं का, हे तपासायला हेडक्लार्कनी ते उघडलं, आणि मेहुणी कोण, आत्या कोण, काहीच उमजेना, म्हणून शेरा मारला : 'मागील पत्रव्यवहाराशिवाय निर्णय घेता येत नाही. खंड एक ते आठ सादर व्हावेत.' कारकून घरी येऊन आठ पुस्तकं घेऊन गेला. मग अधीक्षकांना 'नंतरचा पत्रव्यवहार'ही हवासा वाटला, म्हणून दहा आणि अकरा गेली. कार्यालयात दारं लावून काम सुरू झालं. बंद दारांआडून अधूनमधून असे आवाज येत की रांगेतली माणसं म्हणत, आज साहेब कुणावर तरी फार चिडलेले दिसतात.

फाइलवर शेरे चढत गेले. 'पान चाळीसअखेर मेहुणीवर संशय बळावतो. — हेडक्लार्क.' 'सहमत. — अधीक्षक.' 'मेहुणीला आपली बाजू मांडण्याची संधी दिल्याचे दिसत नाही. ती देऊन फेरसादर करावे. — मोठे साहेब.'

आता या कार्यालयात अंगठ्याला थुंकी लावल्याशिवाय पान उलटायची पद्धत नाही. पिढ्यान्‌पिढ्यांची शिस्त आहे ती. बाईंनी नवव्या पुस्तकाची एकशे ऐंशी पानं आजारपणाच्या ऐन भरात याच शिस्तीने उलटली होती. त्यामुळे आधी पडताळणी कारकुनाचे गाल सुजले, मग हेडक्लार्कचे, मग अधीक्षकांचे, आणि महिन्याभरात गालगुंडं योग्य मार्गाने, एकही पायरी न गाळता, मोठ्या साहेबांपर्यंत पोचली. इतक्या वेगाने त्या कार्यालयातून आजवर काहीच वर गेलं नव्हतं. सगळे आजारी पडले आणि सात दिवसांहून जास्त पडले. पण त्यांचा आजार समक्ष पाहायला जाणारा कारकून स्वतःच आजारी, आणि त्याला पाहायला कोणी जायचं याचा नियम नव्हता. उरलेले खंड ज्याने-त्याने अभ्यासासाठी घरी नेले.

रजेच्या निकालाची वाट पाहून बाई महिन्याने कामावर रुजू झाल्या तेव्हा कार्यालयात शिपाईमामा होते फक्त. त्यांना हा आजार सहाव्या वर्षीच होऊन गेला होता.

"बाई, आता तुम्हीच साहेब," मामा म्हणाले, आणि त्यांनी कुलूपबंद कपाटातून फाइल आणून टेबलावर ठेवली. "मोठ्या साहेबांनी ताप चढायच्या आधी निकाल दिलाय. रजा मंजूर. हसणं आजाराचंच लक्षण धरलंय. पुस्तकही खास बाब म्हणून परत द्यायचंय. पण आधी टिप्पणी वाचून सही करायची."

"इकडे आणा पेन."

"वाचून, बाई."

"मामा, एकतीस वर्षं मी न वाचता सह्या केल्या. तुम्हाला आजच नियम आठवला?"

"मला नाही आठवला. यात खुनी कोण ते पहिल्या ओळीत लिहिलंय, म्हणून बोललो. वरच्यांना सगळं वाचायला लागू नये म्हणून सारांश वर घालतात ना."

बाईंचा हात हवेतच थांबला. "वाचलंत तुम्ही?"

"मला कुठे वाचता येतं? हेडक्लार्क सांगत होते."

"एक अक्षर बोलाल तर बघा! झाका ती ओळ."

मामांनी पहिल्या ओळीवर शाईचं पॅड ठेवलं. बाईंनी मान पार खिडकीकडे वळवली आणि अंदाजाने सही ठोकली. एकतीस वर्षांचा सराव, सही बरोबर रकान्यात पडली. मग समाधानाने त्यांनी पुस्तक काढून घेतलं, फाइल मिटली, आणि नाडी बांधायला ती पालथी केली तेव्हा वेष्टनावर हेडक्लार्कच्या वळणदार अक्षरात विषय लिहिलेला होता :

'पोस्टमास्तरने केलेल्या खुनामुळे कर्मचारी हसल्याबाबत.'

बाईंनी ओळीखाली बोट धरून ती दोनदा वाचली. मामांनी पाण्याचा पेला पुढे सरकवला.

"मामा," त्या शेवटी म्हणाल्या, "यांच्यातलं शेवटपर्यंत वाचलं कोणी?"

"नाही बाई. दीडशे पानांवरच साहेबांना कणकण जाणवायला लागली. म्हणाले, उपलब्ध कागदांवरून ठरवून टाका. सुरी कार्यालयीन वापराची होती म्हणून मग पोस्टमास्तर."

बाईंचे डोळे चमकले. या कार्यालयाने आजवर कुणाचं नाव धड लिहिलं होतं? जिवंत माणसं मेली म्हणून नोंदवली, बायकांचे पुरुष केले, एका गृहस्थांना त्यांच्याच मुलाचा धाकटा भाऊ करून टाकलं. यांनी पोस्टमास्तर म्हटलं म्हणजे तो निर्दोष असायची आशा चांगलीच बळकट होती. बाहेर चाळीस माणसांची रांग होती. ठसाबाईंनी तिच्या तोंडावर धाडकन खिडकी लावली, अंगठा जिभेवर टेकवला आणि एकशे ऐंशीवं पान उघडलं.

रांगेला इतकंच ऐकू आलं. पानं उलटल्याचे आवाज, मग बराच वेळ काहीच नाही, आणि मग ठसा असा हाणला की चाळिसाव्या माणसाचा चष्मा खाली पडून फुटला. तो ठसा आनंदाचा होता की संतापाचा, यावर रांगेत वाद झाला.

पोस्टमास्तर सुटला की नाही, हे आता तुम्ही मला विचाराल. विचारालच. दवाखान्यात ऑपरेशनला गुंगीचं औषध देण्याआधी समोर धरलेल्या कागदावर एकही ओळ न वाचता तुम्ही सही ठोकलीत; आपल्या पोटात सुरी कोण घालणार ते तुम्हाला बघावंसं वाटलं नाही, आणि दुसऱ्याच्या पोटात कोणी घातली ते कळावं म्हणून इथवर आलात.