हॅम्बर्गला दिवस मावळला

आमचे आदगोंडा अण्णा परदेशात आठ दिवस राहिले, पण मनगटावरचं घड्याळ त्यांनी आमच्या गावच्या, आष्ट्याच्या वेळेवरून हलवलं नाही. कुणी वेळ विचारली की अण्णा ऐटीत बाही सारायचे आणि आष्ट्यात किती वाजले ते सांगायचे. "आन् हितं किती वाजले?" म्हटलं की म्हणायचे, "हितल्या वेळंशी माजं काय काम?"

सत्तर सालानंतरचे दिवस. साखर कारखान्याच्या संचालकानं परदेशी अभ्यासदौरा केल्याशिवाय ऊस गोड होत नाही, असा तेव्हा समज होता. आम्ही संचालकही जर्मनीत अभ्यासाला गेलो. अभ्यास म्हणजे तिथल्या कारखान्याची चिमणी बघायची आणि "आपली उंच हाय" म्हणून बाहेर यायचं.

अण्णा पक्के जैन, दिवस मावळल्यावर घास न घेणारे. मी मराठा गडी, दिवस मावळल्यावरच माझी भूक जागी होते. त्यामुळं आम्हा दोघांना खोली एकच मिळाली हे ओघानं आलंच.

जूनमध्ये तिथं रात्री साडेनऊपर्यंत उजेड. मला वाटलं, अण्णांची चंगळ झाली. पण अण्णांचा सूर्य आष्ट्याचा! आपल्याकडं दिवस मावळायचा तेव्हा तिथं दुपारचे अडीच. भर उन्हात अण्णा संध्याकाळचं जेवण उरकायचे आणि मग दुसऱ्या दिवसापर्यंत तोंडाला कुलूप.

"आवं अण्णा, सूर्य डोक्यावर हाय!"

"त्यो त्येंचा हाय. आपला मावळला."



शेवटचा दिवस मोकळा मिळाला. हॅम्बर्गचं बंदर निवांत बघायचं ठरलं. मी एक अजस्र जहाज दाखवलं, तर अण्णा म्हणाले, "ह्यात ऊस किती गाड्या बसंल?" मनोऱ्यावरचं भलंमोठं घड्याळ दाखवलं, तर स्वतःचं घड्याळ बघून त्यांनी ते चुकीचं ठरवलं.

दुपारी बंदर फिरवणाऱ्या लाँचमध्ये बसलो. अडीच वाजत आले तशी अण्णांची चुळबुळ सुरू झाली. त्यांनी घरून आणलेला पितळी डबा उघडला, शेंगदाण्याचा लाडू उचलला, आणि तेवढ्यात कोंबडीएवढं एक पांढरं समुद्रपाखरू झेपावलं ते लाडू घेऊन पसार. अण्णा दचकले, आणि उरलेला डबा थेट पाण्यात.

मी पोट धरून हसलो. "जाऊ द्या अण्णा, जीवदयेचं पुण्य लागलं!"

अण्णा हसले नाहीत. त्यांचा चेहरा एवढासा झाला. "आता काय रं करू, बापू? येळ झाली की."

"एक दिस उपास घडंल. मरताय व्हय त्येनं?"

"माजं न्हाई रं," अण्णा म्हणाले. "मी जेवल्याबिगर तुजी वैनी घास घेत न्हाई. मला शेतातनं यायला उशीर झाला, दिवस मावळला, की तीबी तशीच निजती. आत्ताच दुखण्यातनं उठलीया. मिरजेचा डाक्टर म्हनला, पोट रिकामं ठिवू नगा. म्हनून निगताना तिला शबूद दिलाय, मी कुटंबी असलो तरी आष्ट्यात दिवस लिंबाच्या शेंड्याला टेकला की जेवनार. मग तू जेव."

"मग जेवतील की वैनी! त्येंला काय हितलं दिसतंय?"

"न्हाई दिसत, म्हनून तर. ती माज्या भरवशावर घास उचलनार, आन् मी हितं उपाशी?"

लाज वाटली मला. उठलो आणि लाँचवरचा उपाहाराचा गाडा धुंडाळला. अंडी होती, मांसाचे तुकडे घातलेला पाव होता. फळ औषधालाही नाही. शेवटी कॉफीबरोबर देतात त्या साखरेच्या दोन वड्या घेऊन आलो.

हात पुढं केला आणि मग आठवलं. तिकडची साखर बीटाची. बीट म्हणजे कंद, जमिनीखालचा, जैनाला वर्ज्य. आठ दिवस अण्णांनी त्या साखरेचा चहासुद्धा तोंडाला लावला नव्हता. गप्प बसलो असतो तर चाललं असतं, पण त्या माणसाला फसवायचा धीर झाला नाही.

"अण्णा, ही बीटाची हाय."

"ठावं हाय," अण्णा म्हणाले.

त्यांनी घड्याळ बघितलं. डोळे मिटून हात जोडले, काहीतरी पुटपुटले आणि एक वडी तोंडात टाकली. सावकाश, जेवल्यासारखी, ती चघळली. मग माझ्याकडं पाठ करून, पाण्याकडं बघत हळूच म्हणाले,

"झालं माजं. जेव तू आता."